कारो झेरो

आमच्या घराचा दिवस कानशीच्या आवाजानं सुरू व्हायचा. मागच्या पडवीत, पत्र्याखाली, आत्या उकिडवी बसून आपल्या पियोसला धार लावायची. पियोस म्हणजे लांब दांड्याची कुदळ. उसातलं तण काढायला आमच्याकडे तीच लागते. दोन लांब घासे आणि एक आखूड, मग थांबून अंगठ्यानं पातं चाचपणं, मग पुन्हा दोन लांब, एक आखूड. त्या चालीवर मी लहानपणी अंथरुणात पडून पाढे म्हणायचो. पुढं कधीतरी ती चाल बिघडली. कानस मध्येच सटकायची, पत्र्याच्या डब्यावर आपटायची, आणि आत्या हळूच म्हणायची, "आयो!" काही दिवसांनी कानस बाबांच्या हातात गेली. बाबा सिरदार होते, म्हणजे एस्टेटच्या बायकांच्या टोळीचे मुकादम. त्यांना स्वतःला पियोस लागत नसे, हातात फक्त काठी असायची. तरी रोज पहाटे ते बहिणीच्या पियोसला धार लावून द्यायचे. याबद्दल घरात कुणी एक शब्द काढला नाही. आमच्या घरात अशा गोष्टी बोलायच्या नसतात. मीही आजवर कधी बोललो नाही.

घर बेटाच्या दक्षिण टोकाला, सूयाक गावाच्या वरच्या अंगाला, चढावर. इतर किनाऱ्यांवर समुद्र दूर प्रवाळावर अडतो आणि आत नुसता तळ्यासारखा पसरतो, पण आमच्या बाजूला त्याला अडवणारं काही नाही. तो थेट काळ्या कड्यावर येऊन आदळतो, आणि जेवताना भांडी जराशी थरथरली की आई म्हणायची, "आज पाहुणा लई रागात हाय." आईच्या हातची खारवलेल्या मासळीची टोमॅटोतली रुगाय, वर ब्रेदचा पाला लसणीत परतलेला, आणि भात. गणपतीत मोदक. मोदकाच्या कळ्या मात्र आत्यानंच पाडायच्या असा नेम होता. लग्नानंतर दोन वर्षांत नवरा गेला आणि ती भावाकडे परत आली, ती कायमची. आई माझ्या वेळी फार आजारी होती, म्हणून मला वाढवलं आत्यानंच. पाठीशी बांधून शेतावर न्यायची, बांधाच्या सावलीत निजवायची. मोजायलाही तिनंच शिकवलं. तिला अक्षर येत नव्हतं, पण तण काढलेल्या सऱ्या ती खड्यांनी मोजायची, एका सरीला एक खडा, कनवटीला. संध्याकाळी ते खडे माझ्या तळहातावर ओतायची आणि म्हणायची, "मोज." तिचं मोजणं एकापासून सुरू व्हायचं. शून्य तिच्या मोजण्यात नव्हतंच. एकही खडा नसला तर ती म्हणायची, "हात रिकामा."

शाळा संपल्यावर मला एस्टेटच्या ऑफिसात जागा मिळाली. गावातल्या मराठी घरांतून ऑफिसात गेलेला मी पहिलाच. बाबा त्या आठवड्यात दोनदा दाढी करून कामावर गेले. मला मात्र तिथं थांबायचं नव्हतं. मला शिष्यवृत्ती हवी होती, बाहेर जाऊन गणित शिकायचं होतं, आणि त्या अर्जावर सही लागणार होती मिस्येची, म्हणजे एस्टेटच्या गोऱ्या साहेबाची. हा मिस्ये तरुण होता, नुकताच फ्रान्समध्ये शिकून आलेला. जुन्या साहेबांसारखा ओरडायचा नाही, पायताणाशिवाय आलेल्या माणसालाही खुर्ची द्यायचा. त्यानं मला पहिल्यांदा ती पद्धत शिकवली, जिच्यावर मी पुढं पोट भरलं. बारा माणसं, बारा कामं, कोण कुठलं काम किती तासांत करतो त्याचा चौकोनी तक्ता. प्रत्येक आडव्या ओळीतला सगळ्यांत लहान आकडा त्या ओळीतून वजा करायचा, मग उभ्या ओळींचं तसंच. कागदावर शून्यं उगवायला लागतात. शेवटी प्रत्येक माणसाला एक शून्य आणि प्रत्येक कामाला एक शून्य अशी वाटणी जमली, की झालं. याहून कमी तासांत ते काम होणं शक्य नाही, हे सिद्ध. पहिल्यांदा ते जमलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. माणसांच्या कामाची इतकी स्वच्छ वाटणी असू शकते, हे मला माहीत नव्हतं. बाबांची वाटणी तशी नव्हती. हिचे गुडघे, तिचं अंगावरचं पोर, हिचं तिच्याशी वाकडं, असलं सगळं ते काठीनं जमिनीवर रेघा ओढत जुळवायचे.

कापणी संपली होती. पुढच्या उसाची निगा सुरू होणार होती. मिस्येनं ठरवलं की बाबांच्या टोळीवर एक आठवडा ही पद्धत लावून बघू. बाया बारा. शेतं, म्हणजे आमच्या बोलीत कारो, अकरा: कारो एक समुद्राच्या बाजूला, एस्टेटच्या दगडी भिंतीला लागून, तिथून चढत चढत कारो अकरा डोंगराच्या पायथ्याशी. तक्ता चौकोनी व्हायला एक रकाना कमी पडत होता. त्याची युक्ती सोपी आहे. एक खोटा रकाना जोडायचा, त्यात सगळ्यांपुढं शून्य मांडायचं. ज्या बाईच्या वाट्याला तो रकाना येतो तिला त्या आठवड्यात काम नाही. त्या रकान्याच्या डोक्यावर मी लिहिलं: कारो ०.

तासांचे आकडे बाबांच्या वहीत होते. ते घेऊन मी गणित सोडवलं, तेव्हा खोट्या रकान्यात पडली टोळीतली सगळ्यांत नवी पोर. तिचं लग्न ठरलेलं होतं, महिन्याभरात ती सांत्र द फ्लाकला सासरी जाणारच होती. तेवढ्यावर मी कागद मिटला असता तर हे प्रकरण लिहायची वेळ आली नसती. पण मिस्येनं विचारलं, "हे आकडे खरे आहेत?" आणि मला दिसलं की मला त्याच्याहून जास्त माहीत आहे.

आत्याच्या उजव्या हाताची शेवटची दोन बोटं मेली होती. हे मला स्वयंपाकघरात कळलं होतं. मोदकाची कळी तिला पाडता येईना, पारी फाटत होती, आणि आई अंगणात असताना ती मला म्हणाली, "बाबू, ही दोन माझी न्हाईत आता. सुई टोचली तरी कळत न्हाय. मिस्येच्या कानावर जाऊ देऊ नगंस." तरीही वहीत तिचे तास इतर बायांएवढेच होते, ते का, हेही मला तिनंच हसत हसत सांगितलं होतं. आपली सरी संपली की तुळसा, आमची शेजारीण, आत्याच्या सरीत पलीकडच्या टोकानं शिरायची आणि तण काढत उलट यायची. मधे दोघी एकमेकींना भेटल्या की सरी संपली. बायका या गोष्टीला 'भेटायला जाणं' म्हणायच्या. कुणी बाळंतीण असेल, कुणी तापातून उठलेली असेल, कुणीतरी पलीकडून तिला भेटायला जायचंच. बाबा अशा वेळी पाठ करून उभे राहायचे.

मी तक्त्यातले आत्याचे आकडे वाढवले, नऊ होते तिथं खोडून चौदा केले. तुळसाचे कमी केले. मिस्येला मी 'भेटायला जाणं' समजावून सांगितलं, आणि तो म्हणाला, "शाबास, हे मला कुणीच सांगितलं नसतं." कुणी सांगायला सांगितलंही नव्हतं. पुन्हा वजाबाक्या केल्या. आता कारो ० च्या रकान्यात, आत्याच्या ओळीत, शून्याभोवती मी लाल पेन्सिलीनं गोल केला.

मिस्ये दुष्ट नव्हता, हे इथं लिहायलाच हवं, कारण नंतर बरीच वर्षं मी स्वतःला तो दुष्ट होता असंच सांगत आलो. तो म्हणाला, "यादी लावताना शेवटची ओळ काढून टाक. त्या बाईला तू स्वतः भेटून सांग. रोपवाटिकेत बसून करायचं काम आहे, तिथं घेऊ तिला." म्हणजे सावलीत बसून, दोन बोटांशिवाय जमण्यासारखं काम होतं. एक वाक्य घरी जाऊन बोलायचं होतं. पण ते वाक्य बोललो असतो तर आत्यानं विचारलं असतं, मिस्येला कसं कळलं? मी दोन दिवस तिच्या हातचं जेवलो आणि बोललो नाही. यादी लावायच्या सकाळी मी ती शेवटची ओळ तशीच ठेवली. ओळ बघून कुणीतरी दुसरंच तिला सांगेल, असं मला वाटलं.

सोमवारी सकाळी एस्टेटच्या अंगणात बाया जमल्या. बाबांनी यादी वाचली. बैठकेत, म्हणजे गावच्या रात्रीच्या शाळेत, शिकलेली त्यांची अक्षरं, एक एक सोडवत. आपल्या मुलाच्या हातची यादी म्हणून आवाज मुद्दाम मोठा. "तुळसा, कारो सात." "आयो सिरदार, सात? मधे ओढा हाय, मला काय बदक समजलास?" बाया हसल्या. सगळ्यांत शेवटी बाबा थांबले, माझ्याकडे बघितलं, आणि वाचलं, "रुक्मिणी, कारो झेरो."

मिस्ये माझ्या शेजारी उभा होता. आत्या पियोस खांद्यावर टाकून माझ्यापाशी आली.

"बाबू, ह्यो कारो झेरो कुठं आला रं?"

मी म्हणालो, "एकाच्या अलीकडं, आत्या."

"म्हंजी समुद्राकडं? भिताडापल्याड?"

"हं."

तिनं जरा विचार केला आणि तिचा चेहरा उजळला. "बे, कोरेक! ब्येस झालं, अकराकडं चढायला नगं. दगूड काडायचं काम हाय न्हवं तितं?" मग आवाज खाली करून, "तूच लावलंस व्हय माझं नाव खाली? गुडघ्यापायी?" आणि त्या मेलेल्या बोटांच्या हातानं तिनं माझ्या गालाला हात लावला. मग ती निघाली. त्या काळात एस्टेट नव्या जमिनीतले दगड काढून ढीग घालत असे, उसाच्या शेतांत ते काळे ढीग आजही उभे आहेत. तेव्हा तिच्या समजुतीत काही वेडेपणा नव्हता. एकाच्या अलीकडं जमीन होती, दगड होते, आणि तिच्या पोरानं बोट दाखवलं होतं.

मिस्येला मराठी कळत नव्हतं. त्यानं फ्रेंचमध्ये विचारलं, "सांगितलंस तिला?" मी म्हणालो, हो. "काय म्हणाली?" "नको म्हणाली." "मग चालली कुठं?" मी म्हणालो, "शून्य शोधायला." तो हसला. मी त्याच्या आधी हसलो होतो. आत्यानं वळून बघितलं आणि पुढं गेली.

नंतरची सहा जेवणं मला आजही क्रमानं आठवतात. पहिल्या संध्याकाळी ती आली तेव्हा तिच्या पदराला काळी धूळ होती. ती म्हणाली, सुरूच्या दोन झाडांपासून सुरुवात केली आहे. बाबांनी मला विचारलं, "मिस्येनं दगड काढायला सांगितलंय? मला बोलला न्हाय." मी म्हणालो, "हो, त्याचं वेगळं काम आहे." बाबांनी मान डोलावली, कारण मी ऑफिसातला. दुसऱ्या दिवशी तिच्या नखातून रक्त येत होतं. आईनं हळद लावली. तिसऱ्या दिवशी रुगाय होती, अंड्याची, माझी आवडती; आत्यानं आपल्या ताटातलं अंडं मला वाढलं. आई म्हणाली, "पर तितं लावणार काय हायत मेले? खारं वारं हाय, ऊस करपल." आत्या म्हणाली, "आपल्याला काय करायचंय? मिस्ये शिकलेला हाय. बाबूनं गनित केलंय त्याचं." चौथ्या दिवशी ती फार आनंदात होती. तुळसा आपलं कारो सात आटपून पलीकडच्या टोकानं भेटायला आली होती, तिनं तिकडून दुसरा ढीग घालायला घेतला होता. "बुधवारपातूर गाठ पडंल आमची," आत्या म्हणाली. पाचव्या दिवशी तिला घास तोंडापर्यंत नेता येईना, ती डाव्या हातानं जेवली, भिंतीकडे तोंड करून. सहाव्या दिवशी मी जेवलो नाही असं लिहायचा मोह होतो. मी जेवलो. माझ्या अर्जावर मिस्येची सही व्हायची होती, ती सोमवारी होणार होती, आणि त्याला मी सांगितलं होतं की बाई नको म्हणाली.

शनिवारी बाबा काम तपासायला निघाले. अकरापासून खाली एकापर्यंत, आणि मग भिंत ओलांडून. परत येऊन त्यांनी मिस्येला सांगितलं, कारो झेरो निम्मा झालाय, जमीन चांगली निघेल. मी बाजूच्या टेबलाशी होतो. मिस्येला आधी कळलं नाही, मग कळलं, आणि तो लाल झाला. त्यानं बाबांना तक्ता दाखवला, माझा लाल गोल दाखवला. म्हणाला, हे शेत नाही, सिरदार, हे काहीच नाही. तिला रोपवाटिकेत काम देत होतो, ती नको म्हणाली. सहा दिवस गैरहजर, आता नियमाप्रमाणे नाव काढावं लागेल. बाबांनी विचारलं, "तिला सांगितलं कोणी?" मिस्येनं माझ्याकडे बोट केलं. त्या क्षणीही मी म्हणू शकलो असतो की मी सांगितलंच नाही.  बाबांनी स्वतःच्या वहीतली बहिणीच्या नावाची ओळ स्वतःच्या हातानं खोडली. ते काम सिरदाराचंच असतं.

घरी आत्याला ते बाबांनी सांगितलं नाही. सांगितलं तुळसानं. संध्याकाळी ती अंगणात आली, हात कमरेवर. "रुक्मे, अगं ऐकलंस का? झेरो म्हंजी न्हाईच! कारोच न्हाई तितं! ह्या तुझ्या लाडक्यानं कागदावर भोक पाडलं आनि तुला त्यात धाडली." मग माझ्याकडे वळून, "मी पन गेले, येडी! दोघींनी मिळून तुझं झेरो उचललं रं बाबू, पाठ मोडस्तवर. भरलं का त्ये? का अजून हाय?" आत्या पायरीवर बसली होती. ती पहिल्यांदा काय म्हणाली? म्हणाली, "पर अजून निम्मं ऱ्हायलंय." आणि मग तिला अर्थ लागला. तो तिच्या चेहऱ्यावर लागताना मी बघितला. ती रडली नाही. आपल्या हाताकडं बघत म्हणाली, "हात रिकामा म्हन की."

जेवायच्या वेळी ती नेहमीसारखी वाढायला बसली. माझ्या ताटात भात वाढताना तिनं एकच विचारलं, अगदी साध्या आवाजात, जणू मीठ हवं का विचारत होती. "बाबू, मी निघाले तवा तुम्ही हसलासा. माझ्यावर हसलासा काय?"

मी म्हणालो, "नाही आत्या. मिस्ये दुसरंच काहीतरी बोलला होता."

"मग कोरेक," ती म्हणाली, आणि आमटी वाढली.

बाबांनी त्या दिवसापासून मला बाबू म्हणणं सोडलं. ते मला मिस्ये म्हणू लागले, आणि अहो-जाहो करू लागले. "मिस्ये, जेवायला बसा." "मिस्ये, तुमचं पत्र आलंय." ते पत्र शिष्यवृत्तीचं होतं. विमानतळावर आईनं कवटाळलं, आत्यानं कानामागं काजळाचं बोट लावलं, बाबा म्हणाले, "मिस्ये, जपून जावा." पुढं पेती राफ्रे गावी माझ्या चुलत बहिणीच्या लग्नात, आईच्या तेराव्याला, आणि अखेरच्या दुखण्यातही मी त्यांचा मिस्येच राहिलो. त्या पद्धतीनं टोळ्यांची कामं वाटली जाऊ लागली; तासांचे आकडे घड्याळ लावून घ्यायला लागले, आणि बायांचं भेटायला जाणं बंद झालं. आत्या त्यानंतर अकरा वर्षं जगली. मोदक तिनं पुन्हा केले नाहीत. कानशीचा आवाज आमच्या घरातून गेला.

मी ही पद्धत आयुष्यभर शिकवली. दर वर्षी फळ्यावर तो खोटा रकाना जोडताना एखादं पोर विचारतंच, सर, तिथं पडतो त्याचं काय होतं? मी सांगत आलो, काही नाही, ती फक्त गणिताची सोय आहे. मागच्या वर्षी शिकवणं थांबवलं, आणि मग एकदा भिंत ओलांडून तिकडं गेलो. अजून तिथं काही लावलेलं नाही. सुरूच्या झाडांपाशी एक काळा ढीग, नीट रचलेला, खाली मोठे दगड, वर लहान. समोर, पलीकडच्या टोकाला, दुसरा, त्याहून लहान. मधे मोकळी जमीन. दोन फिरायला आलेली माणसं त्यांचे फोटो काढत होती. त्यांनी मला विचारलं, हे काय आहे, एखादं देऊळ होतं का? मी म्हणालो, मला माहीत नाही. इतक्या वर्षांनीही तोंडातून तेच आलं.

ती माणसं गेल्यावर मी दोन ढिगांच्या मधे उभा राहिलो. समुद्राचा आवाज एवढा होता की काही बोललं असतं तरी मलाच ऐकू आलं नसतं. म्हणून घरी येऊन हे लिहिलं, तिच्या भाषेत, कारण हसलो होतो ते दुसऱ्या भाषेत. आत्या, तू विचारलं होतंस. तुझ्यावरच हसलो होतो.